बादशाहाच्या वुजूसाठी यंत्राचा पोरगा बनवणारे अल-जझरी

रोबोट पहिल्यांदा कुठे बनला असं वर्गात विचारलं की मुलं जपान नाहीतर अमेरिका सांगतात. त्यांचंही काय चुकलं म्हणा! आज अमेरिकेतल्या गोदामात डिजिट नावाचा दोन पायांचा रोबोट माल भरलेले खोके उचलून ठेवतो, ते मोबाईलवर सगळे बघतात. पण माणसाच्या आकाराच्या यंत्राकडून काम करून घेण्याची खटपट ८०० वर्षांपूर्वी दियारबकरला झाली होती. हे शहर आज तुर्कस्तानात आहे.

तिथे अर्तुकी घराण्याच्या दरबारात इस्माईल अल-जझरी हे कारागीर होते. जझरी म्हणजे अल-जझीराचे, दजला आणि फुरात या नद्यांमधल्या मुलखातले. एका बापाची आणि त्याच्या दोन मुलांची अशा तीन राजवटींत त्यांनी चाकरी केली.

यातला धाकटा मुलगा म्हणजे बादशाह नासिरुद्दीन महमूद. वुजू करताना नोकराने किंवा दासीने हातावर पाणी घालावं हे त्याला आवडत नसे. काहीतरी युक्ती काढा, असं त्याने जझरींना सांगितलं. मग त्यांनी गुडघ्यावर बसलेला एक यांत्रिक पोरगा बनवला. उजव्या हातात सुरई, तिच्यावर पक्षी. पाणी सुटलं की आत कोंडलेली हवा शिट्टीतून निघे आणि पक्षी बोले. वुजू संपत आला की डावा हात आरसा आणि कंगवा पुढे करी. वीज नाही, बॅटरी नाही. सगळा खेळ पाण्याच्या वजनाचा.

आता खरं सांगायचं तर त्यांची बरीच यंत्रं शराबच्या मैफिलींसाठीच होती. पेला घेऊन येणारी बाहुली, होडीत बसलेले चार वाजंत्री. दरबारी माणूस, बादशाह म्हणेल ते करणार. मला जास्त मोलाचा वाटतो तो त्यांचा पाणी उपसणारा पंप. त्यात दोन नळकांडी समोरासमोर, एक पाणी ओढतं तेव्हा दुसरं वर ढकलतं. हत्तीच्या घड्याळात तर आपल्याकडचं घटिकापात्र आहे! भोक पाडलेली वाटी अर्ध्या तासात बुडते आणि वर बसलेला माहूत ठोका देतो.

हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं, तेही बादशाहाच्याच सांगण्यावरून. हिजरी ६०२, म्हणजे इसवी सन १२०६ मध्ये पुस्तक पुरं झालं. त्यात ५० यंत्रं आहेत. त्या काळी कारागीर आपलं गुपित मुलालाच सांगत. यांनी मात्र पत्रा कसा ठोकायचा, झडप कशी घासून बसवायची, इथपर्यंत सांगितलं. आकृत्या काढल्या, भागांना अक्षरं दिली. स्वतः करून पाहिल्याशिवाय कुठल्याच गोष्टीवर त्यांचा भरवसा नसे.

१९७४ साली डोनाल्ड हिल यांनी या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं. दोन वर्षांनी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यावरून जझरींचं मोठं पाणघड्याळ पूर्ण आकारात उभारलं गेलं. ते चाललं.