देवळाबाहेरचा झाडू : गाडगेबाबांनी धर्माचा हिशेब कसा मांडला



आपल्या युवक शिबिरांत एक प्रश्न हमखास येतो. धर्माने समाजाचे भले जास्त केले की वाटोळे? मग दोन गट पडतात. एक गट म्हणतो, सगळेच धर्म माणसाला गुंगीत ठेवतात. दुसरा म्हणतो, आपला धम्म त्यात मोडत नाही, विषय संपला. दोन्ही गट जेवायला उठतात आणि प्रश्न तिथेच राहतो. समाजशास्त्राच्या वर्गातही मी हा वाद ऐकला आणि तिथेही तो असाच अर्धवट सुटायचा. पुढे गावोगाव काम करायला लागल्यावर मला या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात जास्त नीट दिसू लागले. हा माणूस आपल्याच अमरावती-अकोल्याचा. तो बौद्ध झाला नाही, हिंदू धर्म सोडला नाही, आयुष्यभर हरिनाम घेत राहिला. तरीही आपल्या वस्तीत बाबासाहेबांच्या शेजारी त्याचा फोटो लागतो. तो का लागतो, हे आपण पोरांना सांगत नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचा. जात परीट. घरात खाऊन-पिऊन बरे होते, पण कुळाचाराच्या नावाने बकरा कापायचा आणि त्याच्यासोबत दारू प्यायची, ही रीत होती. देवाला दाखवायची म्हणून सुरू झालेली दारू झिंगराजींच्या अंगवळणी पडली आणि तिने वावर, घर आणि शेवटी माणूस खाल्ला. डेबू तेव्हा आठेक वर्षांचा होता. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली.

हा पहिला धडा लक्षात घ्या. देव आहे की नाही, हा प्रश्न या पोरापुढे आलाच नाही. देवाच्या नावाने घरात काय आले आणि घरातून काय गेले, एवढेच त्याने पाहिले. पुढे आयुष्यभर त्याने धर्माकडे याच नजरेने पाहिले.

दापुऱ्यात डेबूने गुरे राखली, नांगर धरला, पूर्णेच्या पुरात पोहायला शिकला. पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे, शेती सगळी पावसावर, त्यामुळे सावकार प्रत्येकाच्या उंबऱ्यावर. मामा चंद्रभानजी अक्षरशत्रू होते. सावकाराच्या कागदावर अंगठे उठत गेले आणि वावर हातचे गेले. त्या धक्क्याने मामाही गेले. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबू औत सोडून आडवा उभा राहिला. शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाने पुढे प्रत्येक कीर्तनात पोरांना शाळेत घाला, भांडी विका पण शिकवा, असे का सांगितले, त्याचे मूळ दापुऱ्याच्या त्या वावरात आहे.

लग्न झाले, कुंताबाई घरात आल्या. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायला हवी होती. डेबूजींनी बुंदीचे लाडू वाढले. जातभाई चिडले. आज हा प्रसंग गोड वाटतो. पण ज्यांनी खेड्यात जातपंचायतीचा रोष पाहिला आहे, त्यांना कळेल की 1900 च्या आसपास हे धाडस केवढे होते. रूढीविरुद्ध भाषण करणे वेगळे आणि स्वतःच्या दारात बसलेल्या पंगतीला नाही म्हणणे वेगळे.

1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर. त्याच खापरात भाकर मागायची आणि खायची. त्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले. घर सोडणारे साधू वऱ्हाडाला नवे नव्हते. पण हा साधू गावात शिरला की आधी झाडू मागायचा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन. भाकरही फुकट घ्यायची नाही, आधी काम करायचे. आशीर्वाद नाही, अंगारा नाही, गंडा नाही. पायांना हात लावू द्यायचे नाहीत.

माझ्या मते गाडगेबाबांचे खरे काम कळायचे असेल तर ऋणमोचनला जावे. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी हे गाव आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. तिथे अंघोळ केली की माणूस ऋणातून सुटतो, ही श्रद्धा गावाच्या नावातच आहे. ज्याच्या मामाचे वावर सावकाराने नेले, त्याने या गावाकडे कसे पाहिले असेल? पाण्यात बुडी मारून कर्ज फिटत नाही हे त्यांना नक्की ठाऊक होते. पण ते वाटेत उभे राहून भाविकांची टिंगल करत बसले नाहीत. नदीकाठी चिखल होता, म्हातारी माणसे, बाया घसरायच्या. गाडगेबाबांनी त्यांना हात देऊन वर काढले, दरड खणून वाट केली आणि पुढे लोकवर्गणीतून तिथे घाट बांधून घेतला. आणि रात्री कीर्तनात त्याच लोकांना विचारले की कर्ज काढून यात्रा कशाला, नवस कशाला, बकरे कशाला.

कीर्तन म्हणजे त्यांचा प्रश्नोत्तरांचा वर्गच असे. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे आणि उत्तर देता देता स्वतःच अडकायचे. भाषा अस्सल वऱ्हाडी. देव विकत मिळतो का, दगडाला नैवेद्य दाखवून भुकेल्याला हाकलता कसे, आपल्यासारख्याच माणसाला शिवत नाही म्हणजे काय, असे साधे साधे प्रश्न. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली, तरी कीर्तन थांबले नाही, असे चरित्रकार सांगतात. खरे सांगायचे तर हा प्रसंग मला कधीच पचलेला नाही. घरी कुंताबाईंनी काय सोसले असेल, यावर फार कमी लिहिले गेले आहे.

पंढरपूरला ते वर्षानुवर्षे जात. पण देवळात पाय न ठेवता वाळवंट आणि रस्ते झाडत. ज्या देवळाच्या पायरीशी चोखोबांना थांबवले गेले, ते देऊळ अस्पृश्यांना साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये उघडले. त्याच्या पंचवीसेक वर्षे आधी गाडगेबाबांनी वारीला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती. त्याआधी आपले लोक कुठे उतरत होते? उघड्यावर, नदीकाठी.

इथे एक टोचणारी गोष्टही सांगितली पाहिजे. पंढरपुरात त्यांनी मराठ्यांसाठी वेगळी धर्मशाळा बांधली, परटांसाठी वेगळी. म्हणजे जातीची भिंत तशीच ठेवून प्रत्येक जातीच्या डोक्यावर छप्पर दिले. त्या काळात दुसरे काही शक्य नव्हते, असे म्हणता येते आणि ते बरेचसे खरेही आहे. पण बाबासाहेबांचा रस्ता इथेच वेगळा होतो. नोव्हेंबर 1927 मध्ये आपल्या अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. मंदिर खुले करा, नाहीतर सत्याग्रह, इथवर गोष्ट आली होती. पुढे काळारामाच्या दारात पाच वर्षे गेली. आणि 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी निर्णय सांगितला. गाडगेबाबा धर्माच्या आत राहून माणूस धुऊन काढत होते. बाबासाहेबांनी पाहिले की डाग कापडाच्या धाग्यातच आहे, कापडच बदलावे लागेल. 1936 च्या जातिनिर्मूलनावरील पुस्तकात त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा फरक केला आहे. धर्म नको, असे ते कधीच म्हणाले नाहीत.

तरी दोघांना एकमेकांची किंमत माहीत होती. 1949 मध्ये गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. वारकऱ्यांची वास्तू एका निरक्षर साधूने शिक्षणसंस्थेला दिली, तीही अशा माणसाच्या संस्थेला ज्याने हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते. त्याच्या आदल्याच वर्षी बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला होता.

पैशाचा हिशेब तर त्यांनी असा ठेवला की आजच्या ट्रस्टींनी शिकावा. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर, मुंबईत जे.जे. रुग्णालयाजवळ, अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, कुठे सदावर्त, कुठे शाळा, वसतिगृहे. सगळ्यांचे विश्वस्त नेमले आणि आपल्या नातेवाइकांचा त्यावर काडीचा हक्क राहणार नाही अशी व्यवस्था करून ठेवली. स्वतः झाडाखाली, धर्मशाळेच्या बाहेर झोपले. भाऊराव पाटलांनी 1954 मध्ये कऱ्हाडला काढलेल्या कॉलेजला त्यांचे नाव दिले.

मागच्या वर्षी एका गावात आमच्याच वस्तीत बैठक होती. गाव कुठले ते सांगत नाही. नवे विहार झाले आहे, संगमरवरी फरशी, मोठी मूर्ती, दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे, यावरून दोन गट. स्पर्धा परीक्षेची पोरे रस्त्याच्या दिव्याखाली बसतात. मी अभ्यासिकेसाठी विहार उघडा म्हटले, तर विटाळ होईल अशा अर्थाचे काहीतरी एक काका बोलून गेले आणि स्वतःच चपापले. चार दिवसांनी त्याच वस्तीत जयंतीच्या डीजेसाठी घरटी वर्गणी ठरली. देता येत नव्हती त्यांनी उसने काढले. मला दापुऱ्यातले बारसे आठवले. पंगत नाकारायची वेळ आता आपल्या दारात आली आहे आणि बुंदीचे लाडू वाढणारे कोणी दिसत नाही.

गाडगेबाबांचे शेवटचे जाहीर कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत वांद्र्याला पोलीस ठाण्याच्या आवारात झाले. त्याचे ध्वनिमुद्रण आहे, तरुणांनी जरूर ऐकावे. आवाज थकलेला आहे, पण प्रश्न विचारण्याची सवय सुटलेली नाही. त्याच्या साडेतीन आठवडे आधी नागपुरात 14 ऑक्टोबरची दीक्षा झाली होती. 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या दुःखाने गाडगेबाबांनी अन्न सोडले, असे आपल्या वस्त्यांत सांगतात. ते ऐंशी वर्षांचे होते आणि बरेच दिवस आजारी होते, हेही तितकेच खरे. 20 डिसेंबरला अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच त्यांचा जीव गेला. दोघांमध्ये चौदा दिवसांचे अंतर.

अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे. आपले देऊळ, आपली मूर्ती करू नका, असे सांगून गेलेल्या माणसाच्या समाधीवर आज आरती होते. विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. 20 डिसेंबरला तिथे जाणार असाल तर हार नेऊ नका, झाडू न्या. आम्ही दहा-बारा जण दरवर्षी सकाळी सहाला वलगावच्या पुलाजवळ जमतो, तिथून झाडत निघतो.