अहिल्याबाई : आजीने गाळलेले पान

इंदूरला मल्हारगंजात आमचे घर होते. श्रावण वद्य चतुर्दशी ही अहिल्याबाईंची पुण्यतिथी. त्या दिवशी शहरातून त्यांची पालखी निघते. पालखी पाहून घरी आलो की आजी आम्हा मुलांना समोर बसवून अहिल्याबाईंची गोष्ट सांगे. दरवर्षी तीच गोष्ट, त्याच शब्दांत. चौंडीच्या पाटलाची मुलगी, देवळात तिला पाहणारे मल्हारराव, कुंभेरीचा वेढा, सासऱ्याने अडवलेली चिता, राघोबादादांची झालेली फजिती, आणि मग काशीपासून रामेश्वरापर्यंतची देवळे, घाट, अन्नछत्रे. गोष्ट संपली की आजी नर्मदामाईला हात जोडी.

पुढे महाविद्यालयात असताना सर जॉन माल्कम यांचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ हाती आला आणि आजीच्या गोष्टीतले एक पान गाळलेले आहे हे मला समजले. आज मी सोलापुरात मानसशास्त्र शिकवतो. इंदूरच्या विद्यापीठाला १९८८ मध्ये अहिल्याबाईंचे नाव मिळाले, आपल्या विद्यापीठाला २०१९ मध्ये. तेव्हा हे पान आपल्या अंकात लिहायला हरकत नसावी.

अहिल्याबाईंचा जन्म सन १७२५ मधला. वडील माणकोजी शिंदे, चौंडीचे पाटील. आठ-नऊ वर्षांच्या वयात त्या होळकरांच्या सून झाल्या. नवऱ्यापेक्षा सासऱ्याशीच त्यांचे अधिक जमले असे दिसते. मल्हारराव मोहिमेवर असत आणि मागची व्यवस्था सुनेकडे असे. वसुली, दाणागोटा, तोफखान्याची तरतूद अशी कामे ते तिला पत्रांतून सांगत. अठराव्या शतकातल्या मराठी सरदाराने सुनेला तोफांविषयी लिहावे, यातच त्या घराचे वेगळेपण आले.

सन १७५४ मध्ये सुरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्याला वेढा पडला होता. तेथे किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने खंडेराव पडले. त्यांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही निघाल्या होत्या. त्या वेळी मल्हाररावांनी पदर पसरला. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, म्हातारपणी मला टाकून जाऊ नकोस, अशी त्यांची विनवणी होती. अहिल्याबाई थांबल्या. तेव्हा त्या अवघ्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या होत्या.

या थांबण्याकडे आपण आज सहज पाहतो. त्या काळच्या स्त्रीला ते सहज नव्हते. सहगमन हा पतिव्रतेचा सर्वांत मोठा धर्म, असे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले होते आणि त्यावर त्यांची श्रद्धा होती. घरातल्या बाकीच्या गेल्या आणि आपण मागे राहिलो, ही गोष्ट त्यांना रोज दिसत असणार. मग मनाने काय करावे?

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत मांडला. आमच्या विद्यार्थ्यांना तो परीक्षेपुरता पाठ असतो. मनात दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील तर माणूस अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता घालवायला तो त्यांपैकी एखादी गोष्ट बदलतो किंवा तिसरी गोष्ट जोडून दोहोंचा मेळ घालतो. यातली मौज अशी की जी श्रद्धा फार किंमत देऊन सांभाळलेली असते, ती पुरावा विरुद्ध गेला तरी सुटत नाही. शिकागोजवळच्या एका बाईने २१ डिसेंबर १९५४ रोजी प्रलय येणार असे भाकीत केले होते. तिच्या अनुयायांत काहींनी नोकऱ्या आणि घरे सोडली. फेस्टिंजरची माणसे त्या मंडळींत मिसळून बसली होती. प्रलय आला नाही. तेव्हा आपल्याच निष्ठेमुळे जग वाचले असे त्या मंडळींनी ठरवले, आणि आजवर वर्तमानपत्रांना टाळणारी ही माणसे आपण होऊन प्रचाराला लागली.

अहिल्याबाईंनी जोडलेली तिसरी गोष्ट कर्तव्याची होती, असे मला वाटते. सती जाणे हा धर्मच, तो खोटा नाही. पण माझे जगणे माझ्यासाठी नाही, ते होळकरांच्या दौलतीसाठी आणि रयतेसाठी आहे. मग पांढरे पातळ, साधे जेवण, पहाटेची पूजा, खासगीच्या उत्पन्नातून अखंड दानधर्म, आणि राज्य शंकराचे, आपण फक्त कारभारी हा भाव. जगण्याचे ऋण त्या रोज फेडत होत्या. जुनी श्रद्धा मोडली नाही, जगणेही सुटले नाही. हा मेळ सदतीस वर्षे टिकला.

मल्हारराव सन १७६६ मध्ये वारले. नातू मालेराव गादीवर आला, पण तो नऊ-दहा महिनेच. ब्राह्मणांना द्यायच्या वस्त्रांत आणि जोड्यांत तो विंचू ठेवी आणि आई रडत बसे, असे माल्कमने लिहिले आहे. एका निरपराध कशिदेवाल्याला त्याने संशयाने मारले. पुढे त्याला वेड लागले आणि त्या मेलेल्याच्या भुताने त्याला धरले असे लोक म्हणू लागले. अहिल्याबाई मुलाच्या उशाशी बसून त्या भुताची मनधरणी करीत. तुझे देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, मुलाला सोड, असा त्यांचा आग्रह होता. मुलगा गेला. आईनेच त्याला मारवले अशीही एक वदंता होती. माल्कमने चौकशी करून ती निराधार ठरवली. पण मला त्या उशाशी बसलेल्या बाईचे वाटते. मुलगा मुळातच क्रूर होता, हे मानण्यापेक्षा त्याच्या अंगात दुसरे कोणी शिरले आहे हे मानणे कोणत्याही आईला सोपे जावे.

त्यानंतर गंगाधर यशवंत चंद्रचूड या दिवाणाने दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादांना बोलावले. बाईंनी निरोप धाडला तो प्रसिद्ध आहे. मी हरले तर मला कोणी हसणार नाही, तुम्ही हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असा त्याचा आशय होता. दादांनी समाचाराला आल्याचे निमित्त सांगून वेळ निभावली. थोरल्या माधवरावांनी बाईंचा हक्क मान्य केला, सैन्य तुकोजीकडे आले आणि महेश्वराहून अहिल्याबाईंचा कारभार सुरू झाला. तो सुमारे अठ्ठावीस वर्षे चालला.

हा कारभार पाहताना त्यांचे मन किती लवचिक होते हे जाणवते. सातपुडा-विंध्याच्या घाटांत भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी आधी सौम्य उपाय केले, मग कडक शिक्षा करून पाहिल्या. नंतर त्यांनी डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क मान्य केला आणि आपल्या हद्दीतल्या चोरीची भरपाई त्यांच्यावर टाकली. निपुत्रिक विधवेचे धन सरकारजमा करण्याची वहिवाट सगळीकडे होती. बाईंनी तीही सोडली. एकदा तुकोजींचा तळ आमच्या इंदूरजवळ पडला होता. देवीचंद नावाचा सावकार निपुत्रिक वारला होता आणि त्याच्या पैशात वाटा घ्यावा असे कोणी तुकोजींना सुचवले. सावकाराची विधवा तडक महेश्वरला गेली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन घरादाराची मालकीण ठरवले आणि तुकोजींना तळ हलवण्याचा हुकूम धाडला. तळ हलला. इंदूर तेव्हा वाढू लागलेले गाव होते. सावकारांनी तेथे पेढ्या घातल्या त्या असल्या हुकुमांच्या भरवशावर.

विधवेने जगावे, मालकीण म्हणून जगावे, दत्तक घ्यावा, हे सगळे या बाईंना पटत होते. आता ते गाळलेले पान.

मुक्ताबाई ही त्यांची मुलगी. तिचे पती यशवंतराव फणसे. त्यांना एक मुलगा होता. तो ऐन तारुण्यात वारला आणि सुमारे वर्षाने, सन १७९१ मध्ये, यशवंतरावही गेले. मुक्ताबाईने सती जाण्याचे ठरवले. अहिल्याबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. एवढे एकच अपत्य उरले होते. राज्याची मालकीण मुलीच्या पायाशी लोळण घेऊन विनवू लागली. मला या जगात एकटी टाकू नकोस, असे त्यांचे म्हणणे होते. सासऱ्याने आपल्याला केलेली विनवणीच जवळपास त्याच रूपात त्यांच्या तोंडून निघाली. मुलीचे उत्तर शांत होते. आईचे वय झाले आहे, थोड्या वर्षांत तीही जाईल. पती गेला, मुलगा गेला. आई गेल्यावर जगणे असह्य होईल आणि मानाने जाण्याची वेळ तर निघून गेलेली असेल.

मल्हाररावांच्या शब्दाने सून थांबली. आईच्या शब्दाने मुलगी थांबली नाही. तिला थांबवण्यासारखे काही आईजवळ नव्हते. दौलत तिच्यावर अवलंबून नव्हती, रयत तिच्याकडे पाहत नव्हती. अहिल्याबाईंनी जगण्यासाठी जोडलेली तिसरी गोष्ट मुक्ताबाईला लागूच पडत नव्हती. सती जाणे हा धर्मच नव्हे, एवढे म्हणण्याची वाट उरली होती. पण ते म्हटले असते तर कुंभेरीपासूनच्या सदतीस वर्षांचा अर्थ काय राहिला असता? ज्या ऋणासाठी एवढे व्रत केले ते ऋणच नव्हते, असा त्याचा अर्थ झाला असता. भिल्लांविषयीचे मत बदलायला त्यांना स्वतःला कुठे खोडावे लागले नव्हते, येथे लागले असते. हुकूम काढून त्या मुलीला अडवू शकल्या असत्या काय? राज्यात त्यांचा शब्द अखेरचा होता. त्यांनी हुकूम काढला नाही.

मिरवणुकीबरोबर त्या नर्मदेकाठी गेल्या. चितेजवळ उभ्या राहिल्या तेव्हा दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. ज्वाळा उठेपर्यंत त्या स्थिर होत्या. मग मात्र त्या किंचाळल्या आणि धरलेले हात सुटेनात तेव्हा ते चावू लागल्या. सगळे संपल्यावर त्यांनी नर्मदेत स्नान केले. तीन दिवस फारसे अन्न घेतले नाही, शब्द उच्चारला नाही. पुढे मुलगी, जावई आणि नातू यांचे सुंदर स्मारक त्यांनी बांधवले आणि पुन्हा दरबार सुरू केला.

मी हा प्रसंग वर्गात सांगतो तेव्हा मराठी घरांतली मुले अस्वस्थ होतात. एकाने हे इंग्रजांनी रचलेले असणार असे मत दिले. माल्कमच्या ग्रंथाच्या त्याच भागात अहिल्याबाईंची अपार स्तुती आहे आणि ती मात्र या मुलांना पाठ असते, हे मी दाखवले. दुसऱ्याने काळाचा हवाला दिला. इंडी तालुक्याकडची एक कन्नड मुलगी होती. तिच्या घरी ही गोष्ट कधी कोणी सांगितलेली नव्हती. तिने सरळ विचारले की आईने अडवले का नाही. वर्गात शांतता पसरली. मी तिच्याहून शहाणा होतो असे नाही. माल्कम वाचल्यावर कितीतरी वर्षे मी व्याख्यानांतून महेश्वरचे घाट सांगत असे आणि मुक्ताबाईच्या अलीकडे थांबत असे. देवी म्हणून ज्यांना हात जोडले, त्यांना असे हात चावताना पाहणे मला नको होते.

खुद्द बाईंना देवीपण नको होते. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, आपण एक दुबळी पापी स्त्री आहोत असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकवला. कवीची पुन्हा चौकशीसुद्धा केली नाही. विनय म्हणून ही कथा सांगितली जाते. मला ती नुसत्या विनयाची वाटत नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांचा अंत झाला.

नोकरी लागल्यावर एकदा पुण्यतिथीला मी इंदूरला गेलो आणि धीर करून आजीला मुक्ताबाईची हकीकत वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. असले पुन्हा वाचू नकोस, एवढे मात्र म्हणाली. पुढच्या वर्षी पालखीनंतर नातवंडे जमली आणि आजीने गोष्ट सुरू केली. या वेळी तिच्यात मुक्ताबाई होती, यशवंतराव होते, नर्मदेकाठची चिताही होती. फक्त आजीच्या गोष्टीत अहिल्याबाई त्या दिवशी महेश्वरात नव्हत्या. त्या ओंकारेश्वराला दर्शनाला गेल्या होत्या आणि त्या परत येईपर्यंत सारे आटोपले होते. मी मागे दाराशी उभा होतो. आजीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुढे सांगू लागली.