शिराजच्या बागेतला पाहुणा

आजचं वचन : १ पेत्र ३:१५



पेत्र या वचनात दोन गोष्टी जोडून सांगतो. आपल्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते उत्तर सौम्यतेने, आदर राखून द्या. यातल्या पहिल्याच गोष्टीत मी नापास झालोय, म्हणून आजचं मनन थोडं लांबणार आहे.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने मला सिंगापूरला पाठवलं होतं. फ्लॅटमध्ये सोबत नांदेडच्या देगलूर नाक्याचा एक मुस्लिम मुलगा होता. मी लातूरचा. परदेशात शेजारचा जिल्हा म्हणजे घरचाच माणूस. आम्ही आपल्या हौ-नक्कोच्या हिंदीत तासन्‌तास बोलायचो. रमजानमध्ये तो सहरीला उठायचा आणि रिलीज असला की मीही जागाच असायचो. अशाच एका पहाटे चहा ओतता ओतता त्याने विचारलं की तुम्ही हजरत ईसांना अल्लाचा मुलगा म्हणता, म्हणजे नेमकं काय? भांडायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, मोठा विषय आहे, रविवारी निवांत बोलू. असे कितीतरी रविवार गेले. तो नांदेडला परतला आणि प्रश्न तसाच राहिला.

नंतर हेन्री मार्टिनचं चरित्र वाचलं आणि कळलं की हाच प्रश्न त्यालाही विचारला गेला होता, तोही अशा ठिकाणी जिथे उत्तर दिलं तर जिवावर बेतलं असतं.

हेन्रीचा जन्म १८ फेब्रुवारी १७८१ चा, इंग्लंडमधल्या ट्रूरो गावचा. वडील आधी खाणीत काम करत, पुढे कारकून झाले. मुलगा गणितात अफाट. १८०१ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो पहिला आला, म्हणजे सीनियर रँग्लर झाला. आपले रँग्लर परांजपे १८९९ साली ज्या मानाला पोचले, तोच हा मान. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको, अशा मुलाच्या फोटोचे चौकाचौकात फ्लेक्स लागले असते. त्याला वकील व्हायचं होतं. पण वडिलांचा मृत्यू आणि चार्ल्स सिमियन या पाळकाची संगत, यातून तो प्रभूकडे वळला. लिडिया नावाच्या मुलीवर प्रेम होतं, तिला मागे ठेवून तो १८०५ मध्ये निघाला आणि १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पाळक म्हणून कलकत्त्याला उतरला.

आधी दानापूर, मग कानपूर. क्षयाचा आजार छातीत घेऊन त्याने १८१० पर्यंत नवा करार उर्दूत आणला. या कामात मिर्झा फितरत त्याच्यासोबत होते. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, ते इंजील उर्दूतच वाचायचे. त्यांच्या हातातल्या पुस्तकामागे अनेक पिढ्यांची मेहनत होती, आणि त्या रांगेत अगदी पुढे हा माणूस होता, हे मला फार उशिरा कळलं.

कानपूरला रविवारी त्याच्या आवारात शेकडो भिकारी जमायचे. त्यांना काही देऊन तो त्यांच्याशी देवाविषयी बोलायचा. लोक ओरडायचे, शिव्या द्यायचे. शेजारच्या भिंतीवरच्या सज्जात काही मुस्लिम तरुण हुक्का ओढत हा तमाशा बघायचे. त्यांच्यात दिल्लीचा शेख सालेह होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येऊ.

नवा करार फारसीतही झाला होता, पण त्यात अरबी शब्द फार, सामान्य माणसाला तो कळेना. तेव्हा हेन्रीने ठरवलं की इराणलाच जायचं. जानेवारी १८११ मध्ये तो कलकत्त्याहून निघाला. त्याच जहाजावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते, पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले तेच. वाटेत गोव्याला उतरून त्याने संत झेवियरची कबर पाहिली. मुंबईत जॉन माल्कम यांनी ओळखपत्रं दिली. मार्चअखेर जहाज मुंबईहून सुटलं.

बुशहरहून शिराजला जाताना तंबूत पारा १२६ अंश फॅरनहाइटवर गेला. लातूरचा मे महिना काढलेल्यांनीही विचार करून बघा. इराणी वेष, वाढलेली दाढी, अंगात रोग. ९ जूनला तो शिराजला पोचला. जाफर अली खान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने त्याला घरी ठेवून घेतलं आणि उन्हाळ्यात गावाबाहेरच्या आपल्या बागेत जागा दिली. यजमानांचे मेहुणे मिर्झा सय्यद अली रोज शेजारी बसून फारसी नीट करू लागले.

शिराजचे विद्वान वाद घालायला येत. मिर्झा इब्राहिम यांनी अरबीत ग्रंथ लिहिला, हेन्रीने फारसीत उत्तरं लिहिली. डोकं त्याच्याकडे होतंच. पण मला अडवून धरलं ते एका दुसऱ्याच प्रसंगाने. सय्यद अलींनी एकदा युद्धाच्या बातमीवरून येशूची थट्टा करणारी एक कविता ऐकवली. केंब्रिजच्या या टॉपरला तेव्हा प्रतिवाद सुचला नाही. त्याचा चेहराच उतरला. मिर्झांनी कारण विचारलं आणि कळलं की पाहुण्याच्या काळजाला लागलंय. त्यांना वाईट वाटलं. मुद्दे त्यांनी रोजच ऐकले होते. या माणसाचं येशूवर प्रेम आहे, हे बहुधा त्या दिवशी दिसलं.

दोघं परत कामाला बसले. २४ फेब्रुवारी १८१२ ला नवा करार पूर्ण झाला, मग स्तोत्रंही. इराणच्या शहाला प्रत द्यायला हेन्री छावणीत गेला. तिथे वजिरासमोर त्याला आपला विश्वास सांगायला लावलं. भोवती चिडलेली माणसं होती. तरी त्याने येशू देवाचा पुत्र आहे असंच सांगितलं आणि ती माणसं रागाने उठली. प्रत काही देता आली नाही. तब्रीझला दोन महिने तापात काढले. सप्टेंबरमध्ये घोड्यावरून इस्तंबूलच्या वाटेला लागला आणि १६ ऑक्टोबर १८१२ ला तुर्कस्तानातल्या तोकात गावी, एकही मित्र जवळ नसताना वारला. वय ३१. तिथल्या आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी त्याला पुरलं.

शिराजमध्ये त्याच्या हातून एकही बाप्तिस्मा झाला नाही. आपल्या भाषेत, केपीआय शून्य. पण ब्रिटिश राजदूताने ती प्रत शहापर्यंत पोचवली आणि १८१५ मध्ये ती सेंट पीटर्सबर्गला छापली गेली.

आणि शेख सालेह? कानपूरला त्याच्या हाती उर्दू नवा करार बांधणीसाठी आला, तो त्याने वाचून काढला. १८११ च्या पेंटेकॉस्टच्या रविवारी कलकत्त्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो अब्दुल मसीह झाला. पुढे त्याला पाळकपदाची दीक्षाही मिळाली. त्या रविवारी हेन्री बुशहर आणि शिराजच्या मधल्या वाटेवर, त्या उन्हात होता.

त्याच्या नावाची एक संस्था १९३० मध्ये लाहोरला निघाली. आता ती आपल्या हैदराबादला आहे आणि ख्रिस्ती-मुस्लिम लोकांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून काम करते.

मी त्या पहाटे गप्प का बसलो? उत्तर पुरेसं पक्कं नव्हतं, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे वाद झाला तर मी हरेन, याची भीती होती. त्याने मला वादाला बोलावलंच नव्हतं, चहाला बोलावलं होतं. एवढंच सांगायचं होतं की पुत्र म्हणजे शरीराने जन्म दिलेला, असं आम्हीही मानत नाही. देवाचं मन ज्याच्यात पूर्ण उघडं झालं, तो शब्द आमच्यात राहायला आला. कुराणातही ईसांना अल्लाचा कलिमा म्हटलंय. अर्थ दोघांचा वेगळा आहे, पण बोलणं तिथून सुरू झालं असतं. आणि मग त्याचं ऐकायचं होतं.

काल त्याला मेसेज केला. पुढच्या महिन्यात नांदेडला येतोय, तुझा एक प्रश्न माझ्याकडे राहिलाय. त्याचं उत्तर आलं की घरीच ये, चहा अम्मीच्या हातचा.

प्रार्थना : प्रभू, ज्याचा प्रश्न मी टाळला त्याच्यासमोर मला नम्रपणे बसव. माझी हुशारी बाजूला राहू दे, तुझी प्रीती दिसू दे. फळ कधी आणि कुठे येईल ते तुझ्याकडे असू दे. आमेन.