सराव कंटाळवाणा वाटतो? रहीम साहेबांची ही युक्ती पाहा!

'मैदान' सिनेमामुळे नव्या पिढीला कळलेले सय्यद अब्दुल रहीम मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. पोरांना सरावाची गोडी लागावी म्हणून ते भन्नाट स्पर्धा भरवायचे. नियम एकच, फक्त आपल्या कमजोर पायाने खेळायचं! तिथे सगळेच चुकायचे, त्यामुळे लाजायचं कारणच उरत नसे.

त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या संघातल्या मुंबईकर नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ता एशियन गेम्सचं गोल्डही मिळालं. जून १९६३ मध्ये कॅन्सरने रहीम साहेब गेले.

नाशिकच्या मैदानावर एखादं पोरगं सरावाला कंटाळलंय? त्याला कमजोर पायाने खेळू द्या!