खपलीऐवजी ओलावा : सर आर्चिबाल्ड मॅकिंडो

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात हवाई लढाई पेटली, तेव्हा अनेक वैमानिकांना गोळ्यांपेक्षा अधिक भय होते ते आगीचे. हरिकेन विमानात इंधनाची एक टाकी वैमानिकाच्या अगदी समोर असे. ती पेटली की ज्वाळा काही क्षणांत त्याच्यापर्यंत पोहोचत आणि चेहरा, पापण्या व हात होरपळून निघत. अशी जखम सतत पाझरत राहते. शरीरातील पाणी, क्षार आणि प्रथिने तिच्यावाटे वाहून जातात. हा पाझर कसा हाताळावा, या प्रश्नाने आर्चिबाल्ड मॅकिंडो या शल्यविशारदाच्या आयुष्याला दिशा दिली.

मॅकिंडो यांचा जन्म ४ मे १९०० रोजी न्यूझीलंडमधील डनीडिन येथे झाला. वडील मुद्रक, आई चित्रकार. ओटागो विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन ते अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये गेले आणि पोटाच्या शस्त्रक्रियांत निष्णात झाले. पुढे नशीब अजमावण्यासाठी ते लंडनला आले. तेथे त्यांचे नातलग सर हॅरल्ड गिलिस पहिल्या महायुद्धातील विद्रूप चेहऱ्यांवर केलेल्या कामामुळे ख्यातकीर्त होते. त्यांच्या हाताखाली मॅकिंडो प्लास्टिक सर्जरी शिकले. १९३८ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलाचे सल्लागार झाले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा या विद्येचे अनुभवी जाणकार ब्रिटनमध्ये अवघे चार होते. मॅकिंडो त्यांपैकी एक. ससेक्समधील ईस्ट ग्रिनस्टेड गावचे क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी ठरली.

त्या काळी भाजलेल्या जखमेवर टॅनिक ॲसिड लावण्याचा प्रघात होता. चामडे कमावण्यासाठी वापरले जाणारे हे द्रव्य जखमेवर टणक खपली धरी आणि पाझर थांबवी. जखम कोरडी झाली म्हणजे निम्मे काम झाले, असा समज दृढ होता. प्रत्यक्षात त्या कवचाखाली पू साठे. कवच आवळत गेले की बोटे वाकडी होत. पापण्या ओढल्या जाऊन डोळे मिटेनासे होत आणि दृष्टीच धोक्यात येई. खपली खरवडून काढताना रुग्णाला असह्य यातना होत.

मॅकिंडो यांना मात्र एक वेगळेच दृश्य दिसले. जळत्या विमानातून उडी टाकून समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा जमिनीवर उतरलेल्यांच्या तुलनेत चांगल्या भरत होत्या. त्यांनी रुग्णालयात कोमट क्षारजलाचे टब बसवले. रुग्णाला त्यात अलगद उतरवले की चिकटलेल्या पट्ट्या आपोआप सुटत, जखम धुतली जाई आणि आखडलेली बोटे हलवता येत. त्यानंतर जखमेवर मऊ मलमात भिजवलेली जाळीदार पट्टी ठेवत. ती चिकटत नसे आणि तिच्या छिद्रांतून पाझर बाहेर पडू शके. अशा स्वच्छ, ओलसर जखमेवर त्वचारोपणही लवकर करता येई.

प्रस्थापितांशी वाद अटळ होता. मॅकिंडो स्वभावाने करारी, प्रसंगी उद्धटही. पण त्यांच्यापाशी बरे होत असलेल्या हातांचा पुरावा होता. १९४० च्या अखेरीस चेहऱ्यावर व हातांवर टॅनिक ॲसिड न वापरण्याची भूमिका अधिकृतपणे मान्य झाली.

त्वचा जुळली तरी माणूस सावरतोच असे नाही, हेही त्यांनी ओळखले होते. एकेका रुग्णाला वर्षानुवर्षे, कधी डझनावारी शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागे. मॅकिंडो यांनी त्यांना रुग्णांच्या ठरावीक निळ्या कपड्यांऐवजी स्वतःचा गणवेश घालू दिला, वॉर्डात बिअरचे पिंप ठेवले आणि गावकऱ्यांना विनंती करून या तरुणांसाठी घरांचे दरवाजे उघडवले. १९४१ मध्ये रुग्णांनी आपल्या मंडळाला गिनी पिग क्लब असे नाव दिले, कारण त्यांच्यावर नवनवे प्रयोग होत होते. खजिनदार म्हणून पाय भाजलेला सभासद निवडला, म्हणजे तो पैसे घेऊन पळणार नाही. चिटणीसाची बोटे भाजलेली, म्हणजे इतिवृत्त आटोपशीर राहील. युद्ध संपेपर्यंत सभासदसंख्या ६४९ वर पोहोचली. १९४७ मध्ये मॅकिंडो यांना सर हा किताब मिळाला.

११ एप्रिल १९६० रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले की प्लास्टिकच्या पातळ पडद्याखाली ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने पसरते. पेशींना कोरड्या खपलीखालून वाट काढावी लागत नाही, हे त्याचे कारण. आज कोरड्या पडू लागलेल्या जखमेला पाणी पुरवणारी हायड्रोजेल आणि फार पाझरणाऱ्या जखमेतील द्रव शोषून स्वतःच जेल बनणाऱ्या, समुद्रशेवाळापासून केलेल्या अल्जिनेटच्या पट्ट्या याच तत्त्वावर वापरल्या जातात. जखम ना सुकू द्यायची, ना चिंब ठेवायची. हा समतोल प्रयोगशाळेत सिद्ध झालेला पाहणे मॅकिंडो यांच्या नशिबी नव्हते. पण त्यांच्या टबांतून उठलेले शेकडो तरुण तेव्हा डोळे मिटून झोपू शकत होते आणि स्वतःच्या बोटांनी सदऱ्याची बटणे लावू शकत होते.