जोसेफ हार्डी नीसिमा

विद्येसाठी परदेशी जाणारे पुष्कळ असतात. परंतु मिळविलेली विद्या स्वदेशबांधवांच्या सेवेस वाहणारे थोडे. अशा एका जपानी विद्यार्थ्याचा वृत्तांत आम्ही आज प्रिय वाचकांपुढे ठेवीत आहो.

नीसिमा यांचा जन्म इ. स. 1843 साली येदो, म्हणजे आताच्या टोकियो शहरी, एका सामुराई घराण्यात झाला. तरुणपणी अमेरिकेचे वर्णन करणारे एक चिनी पुस्तक व ख्रिस्ती धर्माविषयीची काही पुस्तके त्यांच्या हाती पडली, आणि सृष्टिकर्त्या पित्याविषयी अधिक जाणण्याची तळमळ त्यांना लागली. त्या काळी परवानगीवाचून देश सोडणाऱ्यास देहान्त शिक्षा होती. तरी 1864 साली ते हाकोदाते बंदरातून रात्री एका अमेरिकन गलबतावर चढले. शस्त्र धरणाऱ्या ह्या तरुणाने वाटेत कप्तानाची चाकरी केली आणि आपली लहान तलवार विकून हाँगकाँग येथे चिनी नवा करार घेतला.

1865 साली ते बॉस्टनला पोहोचले. गलबताचे मालक हार्डी यांनी त्यांना पुत्रवत वागवून शिक्षण दिले. 1870 साली नीसिमा ऍमहर्स्ट कॉलेजचे पदवीधर झाले. पुढे अँडोव्हर येथे त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. जपान सरकार त्यांच्या शिक्षणाचा खर्च फेडण्यास तयार होते. परंतु आपण त्या बंधनात पडू नये म्हणून त्यांनी ते नाकारले.

ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी 1813 साली मुंबईस आले, त्याच बोर्डाची वार्षिक सभा ऑक्टोबर 1874 मध्ये रटलंड येथे भरली. तेथे नीसिमा यांनी सद्गदित होऊन जपानात ख्रिस्ती विद्यालय काढण्यासाठी साहाय्य मागितले. सुमारे 5000 डॉलर देण्याची वचने मिळाली. सभा संपल्यावर एका गरीब शेतकऱ्याने आपल्या परतीच्या गाडीभाड्याचे दोन डॉलर त्यांच्या हाती दिले व तो पायी घरी जाण्यास सिद्ध झाला. हे दोन डॉलर नीसिमा यांना कधी विसरता आले नाहीत.

त्याच वर्षी, दहा वर्षांनंतर, ते आईबापांस भेटले. पुढे बौद्ध मंदिरांनी भरलेल्या क्योटो शहरी, भिक्षूंचा विरोध असताही, यामामोटो काकुमा नावाच्या अंध गृहस्थाच्या साहाय्याने, त्यांनी 29 नोव्हेंबर 1875 रोजी आठ विद्यार्थ्यांनिशी दोशिशा विद्यालय उघडले. शाळेत पवित्र शास्त्र शिकवू नये अशी अट पडली, तेव्हा ते आपल्या घरी शिकवू लागले. 1880 साली विद्यार्थ्यांनी नियम मोडला असता त्यांस शिक्षा न करता, दोष आपलाच मानून, त्यांनी सर्वांसमक्ष काठी मोडेपर्यंत स्वतःच्या हातावर प्रहार केले.

अतिश्रमाने शरीर खचून 23 जानेवारी 1890 रोजी, वयाच्या 46 व्या वर्षी, ते प्रभूजवळ गेले. विश्वविद्यालयाची त्यांची इच्छा 1912 साली पूर्ण झाली.

वाचकहो, तो शेतकरी कोण होता हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु त्याच्या दोन डॉलरांचे पीक आजही निघत आहे. म्हणून आपल्या मंडळीतील एखादा मुलगा वा मुलगी शिकावयास निघाली, तर आपले थोडके देणे तुच्छ मानू नये, आणि शिकून परतणाऱ्यानेही ते विसरू नये.