सुईणींना धीर देणारे यंत्र

नर्सिंगच्या विद्यार्थिनीला प्रसूतिकक्षात पहिल्यांदा उभे केले की काय होते, हे त्या वाटेने गेलेल्या कोणत्याही सिस्टरला विचारा. पुस्तकातले सगळे पाठ असते. बाळाचे डोके कसे वळते, नाळ कधी बांधायची, वार पडेपर्यंत काय पाहायचे, हे परीक्षेत लिहून चांगले गुणही मिळालेले असतात. पण समोर कळा देणारी बाई असते, तिचे नातेवाईक दाराबाहेर असतात आणि आपल्या हातून चूक झाली तर, या एका विचाराने हात थिजतात.

या भीतीवर आज एक उपाय सर्रास वापरला जातो. अनेक नर्सिंग महाविद्यालयांत मॅनिकिन, म्हणजे माणसाच्या आकाराचे सरावाचे पुतळे असतात. काहींच्या छातीत ठोके ऐकू येतात, काहींना रक्तस्राव होतो, काही कण्हतातही. हे सगळे संगणकयुगाचे देणे आहे असे वाटते. पण प्रसूतीचा सराव पुतळ्यावर करून घेण्याची पद्धत अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत पोहोचली होती. ती पोहोचवणारी स्त्री स्वतः सुईण होती. तिचे नाव आंजेलिक मार्गरीत द्यु कुद्रे.

मादाम द्यु कुद्रे यांचा जन्म १७१२च्या सुमाराचा. पॅरिसमध्ये एका अनुभवी सुईणीच्या हाताखाली त्या शिकल्या आणि रीतसर परीक्षा देऊन १७४० मध्ये त्यांना सुईणीचा परवाना मिळाला. त्या काळी पॅरिसच्या सुईणींना मान होता, पण काळ बदलत होता. पुरुष शल्यचिकित्सक बाळंतपणाच्या क्षेत्रात शिरत होते आणि सुईणींना शरीररचनेचे शिक्षण देण्याचे मार्ग आखडत चालले होते. शिकलेल्या सुईणीच मिळाल्या नाहीत तर बायकांचे काय होईल, हा प्रश्न पॅरिसच्या सुईणींनी मांडला. त्यात मादाम पुढे होत्या.

१७५०च्या दशकात त्या मध्य फ्रान्समधल्या डोंगराळ ओव्हर्न प्रांतात गेल्या. तिथे त्यांनी जे पाहिले, त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. गावातल्या ज्या बाया बाळंतपणे करत, त्यांना कोणी काही शिकवलेले नव्हते. वेळ लागला की त्या घाबरत आणि घाबरल्या की ओढाताण करत. कधी बाळाचा हात निखळे, कधी वार ओढल्यामुळे आई रक्तस्रावाने जाई. ज्या जगत, त्यांतल्या कित्येकींना आयुष्यभराचे दुखणे लागे.

मादामनी शिकवायला सुरुवात केली, पण अडचण लगेच लक्षात आली. समोरच्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. शरीररचनेच्या आकृत्या त्यांना कळत नव्हत्या आणि तोंडी सांगितलेले हातात उतरत नव्हते. खऱ्या बाळंतिणीवर शिकवावे, तर चुकीला जागा नाही. मग मादामनी सुई-दोरा हातात घेतला आणि एक बाई शिवली.

कापड, चामडे आणि कापूस यांचे हे शरीर कंबरेपासून मांड्यांपर्यंतचे होते. त्याला त्यांनी नुसते यंत्र म्हटले. त्यात गर्भाशय होते, त्यात बसणारे पूर्ण वाढीचे बाळ होते, नाळ होती, वार होती. जुळीही होती. दोऱ्या आणि पट्टे ओढून प्रसूतिमार्ग ताणता येई, म्हणजे बाळ बाहेर येताना तो किती पसरतो हे हाताला कळे. रंगीत द्रवाने भिजलेले स्पंज वापरून रक्त आणि गर्भजल यांचाही अनुभव देण्याची सोय त्यांनी पुढे केली. अचानक हातावर रक्त आले तरी घाबरून हात मागे घ्यायचा नाही, हे शिकण्यासाठी त्याहून चांगला मार्ग नव्हता.

त्या कापडी बाळाचा चेहरा नीट पाहण्यासारखा आहे. त्याला शिवलेले कान आहेत, शाईने काढलेले केस आहेत आणि उघडे तोंड आहे. त्या तोंडात बोट जाते, आत जीभही आहे. हे शोभेसाठी नव्हते. बाळ पायाळू असले की अंग आधी बाहेर येते आणि डोके मागे अडकते. अशा वेळी पाय धरून ओढले तर मानेला इजा होते. त्याऐवजी बाळाच्या तोंडात बोट घालून हनुवटी छातीकडे झुकवायची, म्हणजे डोक्याचा कमी रुंदीचा भाग पुढे येतो, असे मादाम शिकवत. आजच्या पद्धतीत बोटे तोंडात न घालता बाळाच्या गालफडांवर ठेवतात, पण डोके झुकवण्याचे तत्त्व तेच आहे. कापडी बाळाला तोंड नसते, तर हा सराव झालाच नसता.

पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीने या यंत्राला मान्यता दिली. १७५९ मध्ये मादामचे प्रसूतिशास्त्रावरचे सोपे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी राजा पंधराव्या लुईने त्यांना देशभर शिकवण्याचा अधिकार दिला. त्यामागे राजाचा हिशेबही होता. फ्रान्स तेव्हा युद्धात अडकला होता. देशाची लोकसंख्या घटते आहे अशी दरबारात भीती होती आणि जन्मतःच दगावणारी मुले म्हणजे गमावलेले शेतकरी आणि सैनिक, असे पाहिले जाई. मादामनी ही राजाची गरज आणि बायकांची गरज एकत्र बांधली.

त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे त्या घोडागाडीतून यंत्रे घेऊन शहराशहरांत फिरल्या. चाळीसहून अधिक ठिकाणी त्यांनी वर्ग घेतले. प्रांताचे अधिकारी जागेची व्यवस्था करत, गावोगावचे धर्मगुरू योग्य बायका निवडून पाठवत. वर्ग साधारण दोन महिने चाले. एकेकीने पुढे यायचे, यंत्रातल्या बाळाची स्थिती हाताने चाचपून ओळखायची, ते बाहेर काढायचे. चुकले की पुन्हा. बाकीच्यांनी पाहायचे आणि आपली पाळी आली की तेच करायचे. मादाम बाळाला कधी आडवे ठेवत, कधी पायाळू, कधी नाळ गळ्याभोवती गुंडाळून. प्रत्यक्षात वर्षातून एखाद्या वेळी समोर येणारा अवघड प्रसंग इथे दहादा अनुभवता येई. अशा सरावाने बायकांचा धीर चेपत गेला.

मादामनी प्रत्यक्ष शिकवलेल्या सुईणींची संख्या सुमारे पाच हजार मानली जाते. शिवाय त्या स्थानिक शल्यचिकित्सकांनाही यंत्र वापरायला शिकवत. त्या निघून गेल्यावर यंत्र गावात राहावे आणि उजळणी चालू राहावी, अशी त्यांची योजना होती. त्यासाठी शहराला सुमारे ३०० लिव्र मोजून यंत्र विकत घ्यावे लागे आणि त्यावरून कुरकुरही होई. काही ठिकाणी डॉक्टरांनी विरोध केला. बाई असून डॉक्टरांना शिकवते, हे अनेकांना रुचले नाही. पण अधिकारपत्र राजाचे होते आणि मादामचा स्वभावही माघार घेणारा नव्हता. १७६९ मध्ये त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती रंगीत चित्रांसह निघाली, म्हणजे अक्षरओळख नसणाऱ्या सुईणीलाही बाळाची स्थिती चित्रात पाहता यावी.

थकल्यावर त्यांनी हे काम भाची मादाम कुतांसो आणि तिच्या नवऱ्याकडे सोपवले. बोर्दो शहरात भाचीने शिकवणे पुढे चालवले. तिथेच १७९४ मध्ये, राज्यक्रांतीच्या धुमश्चक्रीत, मादामचा मृत्यू झाला. ज्या राजघराण्याने त्यांना अधिकार दिला, ते तोवर उलथले होते. त्यांचे एक यंत्र मात्र टिकले. ते रुआँ शहरातल्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात आहे. त्याची क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा गुलाबी कापडाच्या आत एका तरुण स्त्रीच्या कटीराची खरी हाडे निघाली. विद्यार्थिनीच्या बोटांना खऱ्या हाडांची ओळख व्हावी, इतका बारीक विचार त्यामागे होता.

आता पुन्हा आजच्या प्रयोगशाळेकडे येऊ. भीतीने मन भरले की नवा विचार करण्याची जागा कमी होते, म्हणून येत असलेलेही आठवत नाही. कृती वारंवार केली की ती हाताच्या सवयीची होते आणि मन रुग्णाकडे लक्ष द्यायला मोकळे राहते. पुतळ्यावरच्या सरावामागचे हे कारण आहे. कंबरेला बांधून प्रसूतीचा सराव करायचे साधे संच आज अनेक देशांत वापरले जातात. मादामना ते दाखवले असते, तर त्यांनी लगेच ओळखले असते.

पण महागड्या पुतळ्याने भीती आपोआप जात नाही, उलट वाढूही शकते. समोर कॅमेरा, काचेमागे परीक्षक, चुकले की गुण कापले जाणार आणि वर्गासमोर बोलणी बसणार, अशी व्यवस्था असेल तर विद्यार्थिनी पुतळ्यालाही घाबरते. सरावाची वेळ आणि परीक्षेची वेळ वेगळी ठेवणे, आधी काय करायचे ते सांगणे आणि नंतर न रागावता काय झाले यावर बोलणे, यांवर पुतळ्याचा उपयोग अवलंबून असतो. मादामच्या वर्गात अडाणी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बायका शिकल्या, कारण तिथे बाळ कापडाचे होते आणि ते कितीही वेळा पुन्हा आत ठेवता येत होते. आपल्या महाविद्यालयांतल्या मॅनिकिनवर किती मुलींना खरोखर हात लावायला मिळतो, चुकल्यावर पुन्हा संधी मिळते का आणि किती पुतळे कपाटात कुलूपबंद आहेत, हे पालकांनी आणि शिक्षकांनी विचारायला हवे.